काट्यावर बाळ, वाऱ्यावर आई

मुलीला नवव्या महिन्याची लस द्यायला घेऊन गेले होते. सिस्टरनं तिचं झबलं काढून तिला काट्यात ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत चुटक्या वाजवल्या, कार्डावरच्या आलेखात ठिपका दिला आणि म्हणाली, "छान बाळसं धरलंय हो." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, "आणि आईनंही!" बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले. तोवर हसण्यावारी न्यायची चांगली सवय झाली होती.

दिवस जायच्या आधी माझं वजन ५७ किलो होतं, त्या दिवशी ७१. पण दुखणं नुसत्या वजनाचं नव्हतं. एप्रिल महिना, बाहेर ऊन रणरणतंय आणि मी घरात सगळ्यांना पंखा बंद करायला सांगतेय. बांगड्या हातातून निघत नव्हत्या. घर दुसऱ्या मजल्यावर, पण पहिल्या मजल्यावर थांबून दम खावा लागायचा. न्हाणीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. पोट चार-चार दिवस साफ नाही. आवाज असा घोगरा की बहिणीनं फोनवर विचारलं, "रडत होतीस का गं?" यातल्या प्रत्येक गोष्टीला घरात तयार उत्तर होतं. केस बाळंतपणानंतर गळतातच. दम लागतो कारण वजन वाढलंय. वजन वाढलंय कारण हालचाल नाही. हालचाल का नाही, इथपर्यंत आलं की सगळे सभ्यपणे गप्प बसायचे. आळस हा शब्द कुणीच उच्चारला नाही. मी मात्र तो स्वतःला रोज ऐकवत होते.

शेवटी गेले ते केसांसाठी, त्वचेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी टाळू बघायच्या आधी गळा चाचपला. "थायरॉईड कधी तपासलं होतं?" गरोदरपणात, तिसऱ्या महिन्यात. तेव्हा नॉर्मल होतं. "आणि त्यानंतर?" त्यानंतर कुणी सांगितलंच नव्हतं. केसांसाठी मी आपल्या मनानं बायोटिनच्या गोळ्या घेत होते. त्या दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या, नाहीतर आकडा चुकीचा येतो, असंही त्यांनीच सांगितलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, आला ४२. तो साधारण चार-पाचच्या आत असायला हवा; थायरॉईड मंद पडला की हा आकडा चढतो.

आपल्याकडे बाळंतिणीचं खातं फार लवकर बंद होतं. घर ते सव्वा महिन्यानं बंद करतं, सरकारी आरोग्ययंत्रणा ४२ दिवसांनी, आणि नोकरी असलीच तर ऑफिस फार तर २६ आठवड्यांनी. शरीराचं, त्यातही थायरॉईडचं वेळापत्रक मात्र वर्ष-दीड वर्षाचं आहे. मधल्या काळात जे काही घडतं त्याला आपण 'हिनं स्वतःकडे लक्षच दिलं नाही' म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की या काळासाठी नवा दवाखाना नको, नवी योजना नको, नवं अ‍ॅप तर नकोच नको. आई नऊ महिन्यांनी त्या बाकावर येऊन बसतेच. त्या दिवशी तिलाही चार प्रश्न विचारा, आणि उत्तरं तशी असली तर तिचंही रक्त तपासा.

नेमका नववा महिना का, हे समजायला आधी आत काय होतं ते बघावं लागेल. 'मला थायरॉईड आहे' असं आपण म्हणतो तेव्हा डॉक्टर मनातल्या मनात हसत असणार, कारण तो सगळ्यांनाच असतो: गळ्याशी, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी. शरीराची चूल किती मोठी ठेवायची ते ती ठरवते. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती जरा सबुरीनं घेते, पोटातल्या जिवाला परकं समजून त्याच्यावर धावून जाऊ नये म्हणून. बाळंतपणानंतर तीच पुन्हा जोमानं उठते आणि काही जणींच्या बाबतीत स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते. ग्रंथीला सूज येते आणि साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं. म्हणजे पहिले काही महिने चूल भडकलेली. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, वजन भराभर उतरतं. मग साठा संपतो, ग्रंथी थकलेली असते आणि साधारण चौथ्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान चूल विझत जाते. नवव्या महिन्याची लस येते ती नेमकी यानंतर. बहुतेकींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात सावरते, काहींची कायमची मंद राहते. शंभर बाळंतिणींत पाच-एक जणींना हे होतं, आणि ज्यांच्या रक्तात आधीपासून टीपीओ अँटीबॉडी, म्हणजे स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्यं, आहेत त्यांच्यात कितीतरी जास्त.

ज्यांचा थायरॉईड आधीपासूनच मंद आहे त्यांची तऱ्हा वेगळी. आपल्या शहरी बायकांत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार, हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं १९१२ मध्ये वर्णन केलेला. अशा बाईचा थायरॉईडच्या गोळीचा डोस गरोदरपणात वाढवतात, प्रसूतीनंतर पुन्हा खाली आणतात आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन, टाके ओढत असताना, आपल्याच रक्तासाठी लॅबच्या रांगेत उभं राहिलेल्या किती जणी तुम्हाला माहीत आहेत? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ ठिकाणच्या, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंद आढळला होता. पुरुषांपेक्षा बायकांत बराच जास्त. हा काही दुर्मिळ आजार नव्हे.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीचं बाळंतपण माझ्यानंतर वर्षभरानं झालं. तिसऱ्या महिन्यात ती अशी झरझर उतरली की जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई तिचं उदाहरण द्यायला लागली. "बघ, मनावर घेतलं की होतं." मनावर तिनं काहीच घेतलं नव्हतं. रात्री बाळ झोपलं तरी तिला झोप लागायची नाही, आणि छातीत धडधडतं म्हणाली की सासूबाई म्हणायच्या, पहिलटकरणीला भीती वाटतेच. सहाव्या महिन्यात तीच फुगायला लागली तेव्हा निकाल लागला: माहेरी राहून आली ना! दोन्ही वेळा तिचं शरीर एकच गोष्ट सांगत होतं. एकदा तिला शाबासकी मिळाली, एकदा टोमणा. रक्त कुणी तपासलं नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती थायरॉईडवाल्या आम्हा बायकांना फारशी आवडत नाही. मंद थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं, आणि त्यातलाही मोठा भाग अंगात साचलेलं मीठ आणि पाणी. माझंच बघा. गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांत चार किलो गेले. बांगड्या निघाल्या, आवाज परत आला, पंखा सोसायला लागला. उरलेले दहा किलो जागेवर! ते दहा किलो लाडवांचे होते, रात्रीच्या जागरणांचे होते, तासन्‌तास भिंतीला टेकून पाजत बसण्याचे होते आणि, खोटं कशाला बोलू, बाळ झोपल्यावर उभ्याउभ्या खाल्लेल्या फरसाणाचेही होते. 'थायरॉईड आहे म्हणून' हे वाक्य माझ्याही तोंडी बरेच दिवस होतं. ते सोडलं तेव्हाच मार्ग निघाला.

मग चार किलोंसाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणी म्हणेल. आटापिटा त्या चार किलोंसाठी नाहीच, उरलेल्या दहांसाठी आहे. ज्या बाईचा टीएसएच ४२ आहे तिला पहाटे उठून चालायला जा म्हणणं म्हणजे हातपाय बांधून विहिरीत ढकलायचं आणि वर पोहत नाही म्हणून रागवायचं. तिच्यात ताकदच नसते. ती दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही, आणि मग आपण नालायक आहोत याचा पुरावा म्हणून तो तिसरा दिवस जपून ठेवते. चालणं जमत नाही म्हणून ती खाणं तोडते. दिवसातून दोनदाच जेवायचं हे फॅड महाराष्ट्रात घराघरात पोचलंय, अंगावर पाजणारी आईही ते करून बघते. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० आणि नंतरचे सहा महिने ५२० कॅलरी जास्त लागतात, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं कोष्टक सांगतं. तिनं उपाशी राहायचं, दूध कमी पडतंय म्हणून बोलणी खायची आणि वजन तरीही हलत नाही. आधी रक्त तपासलं असतं तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं असतं.

याच्या उलटही चालतं. गोळीनं वजन उतरतं असं ऐकून डोस वाढवून मागणाऱ्या, किंवा मैत्रिणीच्या बाटलीतल्या गोळ्या घेऊन बघणाऱ्या बायका मी पाहिल्यात. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉईडची गोळी, हे वजन उतरवायचं औषध नाही, अमेरिकेत तर तसा ठळक इशारा त्याच्या माहितीपत्रकावर छापावा लागतो. गरजेपेक्षा जास्त झालं की हृदय आणि हाडं दोन्ही त्याची किंमत मोजतात.

लाडवांचं नाव काढलं तर त्यांना न्यायही द्यायला हवा. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, वर तुपाची धार: ही व्यवस्था ज्यांनी बसवली त्यांच्यासमोरची बाळंतीण वेगळी होती. तिचं रक्त गेलेलं असायचं, पुढच्या वर्षी पुन्हा पाळणा हलायचा, आणि सव्वा महिन्याची आंघोळ झाली की विहीर, जातं, शेत तिची वाट बघत असायचं. शेक-शेगडी, कानाला फडकं, पोटाला पट्टा आणि चाळीस दिवस अंथरूण ही त्या बाईच्या आयुष्यातली बहुधा एकमेव हक्काची रजा होती. तिची टिंगल मी करणार नाही, माझ्या आईनं पहाटे उठून भाजलेला डिंक मला आजही आठवतो. मला खटकतो तो सव्वा महिन्यानंतरचा पालट. चाळिसाव्या दिवसापर्यंत 'अजून एक घे, अंगावर पाजतेस' म्हणणारी मावशी पन्नासाव्या दिवशी बारशाचे फोटो बघून म्हणते, "केवढी सुटलीस गं!" तोंड तेच, मावशी तीच. बाळाच्या अंगावर चढलं तर बाळसं, आईच्या अंगावर चढलं तर सूज.

गोळी कशी घ्यायची यावरही कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही, आणि बाळंतिणीच्या बाबतीत सगळा घोळ इथेच होतो. थायरॉईडची गोळी अनशापोटी घ्यायची, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण बाळंतपणानंतर सहा महिने लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही सुरू असते, सरकारी कार्यक्रमातच तसं आहे, आणि आपल्या देशात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्यामुळे ते हवंच. ही लोहाची नि कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. आमच्या घरी सासूबाई सकाळी प्रेमानं तिन्ही गोळ्या एका वाटीत काढून ठेवायच्या, शेजारी कोमट पाणी. दीड महिना मी ती वाटी रिकामी केली आणि दुसऱ्या तपासणीत टीएसएच जेमतेम हलला होता. डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते. वाटीचं बोलता बोलता निघालं म्हणून वाचले.

मिठाचंही तसंच. गलगंड आटोक्यात आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आणि बिगर-आयोडीन खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर २००६ पासून देशभर पुन्हा बंदी आली. कित्येक पिढ्यांचा प्रश्न एका चिमटीत सोडवण्याचं ते मोठं काम होतं. आता सुखवस्तू घरांत 'शुद्ध' म्हणून गुलाबी सैंधव आलंय, ज्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. पाजणाऱ्या आईची आयोडीनची गरज तर दिवसाला १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते, कारण दुधातून बाळालाही तेच पुरवायचं असतं. पन्नास रुपये जास्त देऊन आयोडीन कमी करून घ्यायचं, याला काय म्हणावं?

माझ्या मागणीवर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो हवेतला नाही. सरसकट सगळ्या बाळंतिणींचं रक्त तपासलं तर जे आपोआप बरं होणार होतं तेही सापडेल, आणि हजारो बायकांच्या हातात जन्मभराची गोळी पडेल. आताही पडतेच आहे. सहाव्या महिन्यात सुरू झालेली २५ मायक्रोग्रॅमची गोळी दहा वर्षं घेणाऱ्या बायका आहेत, आणि तिची आता गरज आहे का हे कुणी पुन्हा बघितलेलं नाही. म्हणूनच मी सरसकट तपासणी मागत नाही. थायरॉईडचा जुना त्रास, घरात कुणाला असणं, मधुमेह, आधीच्या बाळंतपणात असंच झालेलं असणं, किंवा विचारल्यावर लक्षणं दिसणं, एवढ्यांचीच तपासा. पण एक ध्यानात घ्या: निदानच न होणं आणि झालेलं निदान कायमचं चिकटून राहणं, हे दोन्ही घोटाळे एकाच कारणानं होतात. सहा आठवड्यांनंतर त्या बाईकडे परत बघायला कुणीच नेमलेलं नाही. नवव्या महिन्यात दिलेल्या गोवर-रुबेला लशीचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. गोळी अजून हवी का, हे डॉक्टरांकडून बघून घे असं तिला सांगायला तो दिवस बरा आहे. लशींचं वेळापत्रक बाळासाठी आखलं, पण ते आईच्या थायरॉईडशी इतकं जुळतं की मुद्दाम आखल्यासारखं वाटावं.

यंत्रणा नाही म्हणावं तर तीही आहे. आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. नंतर बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही येतात, २०१८ पासूनच्या कार्यक्रमात तसं ठरलंय. त्या पाच भेटींत वजन बाळाचं, वरचं खाणं बाळाचं, लस बाळाची. आई समोर बसून सगळी उत्तरं देत असते, पण तिच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल विचारण्यासारखं कुणाच्या मनात येत नाही. विचारायचं तरी किती असतं? पंखा सोसतो का? पोट साफ होतं का? झोपून उठल्यावर बरं वाटतं की नाही? उगाच रडू येतं का? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि मंद थायरॉईड एकमेकांसारखेच दिसतात, कधी बरोबरच येतात, आणि दोन्ही 'आता आई झालीस, हसत राहा' यात दबून जातात. अर्थात हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारायचं नाही. मानधनासाठी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या हे विसरून त्यांच्या वहीत आणखी एक रकाना वाढवणं सोपं आहे. रकाना वाढवा, पण त्याचे पैसेही द्या.

ऑफिसचं काय? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवडे झाली, ती चांगलीच गोष्ट. त्यातले आठ आठवडे आधी घेतले तर बाई साडेचार महिन्यांच्या आत कामावर येते. म्हणजे ज्या महिन्यांत चूल विझायला लागते त्याच महिन्यांत ती लोकल पकडते, डबा करते, पाळणाघर गाठते, आणि तिचं काम मंदावलं की 'बाळ झाल्यापासून तिचं मन लागत नाही' असा शेरा पडतो. उसाच्या फडावरच्या बाईला तर हे २६ आठवडे ऐकूनही माहीत नाहीत. ती किती किलोंनी सुटली हे कुणी बघत नाही, ती किती मोळ्या बांधते ते मोजतात. तिचा थायरॉईड मंदावला तर तिची मजुरी कापली जाईल, एवढाच फरक.

मागच्या महिन्यात भाचीबरोबर तिच्या मुलाच्या नवव्या महिन्याच्या लशीला गेले होते. दवाखाना वेगळा, बाक तसाच. बाळाचं वजन झालं, आलेखात ठिपका पडला. भिंतीला लागून मोठ्या माणसांचा काटा होता, त्यावर चिकटपट्टीनं कागद लावलेला: गरोदर मातांसाठी. मी भाचीला म्हटलं, उभी राहा. ती आधी लाजली, मग चपला काढून चढली. काटा अडुसष्टवर थांबला. मी सिस्टरला म्हटलं, हिचंही लिहून घ्या ना, हिला हल्ली फार थंडी वाजते. सिस्टरनं कार्ड उलटून पाहिलं. गरोदरपणाची पानं भरलेली होती, प्रसूतीनंतरच्या भेटींचे चौकोन सहाव्या आठवड्याशी संपले होते, पुढे सगळी पानं बाळाची. "लिहू कुठे?" ती म्हणाली. तिचा प्रश्न खरा होता. मग तिनं जरा विचार केला आणि बाळाच्या आलेखाखालच्या कोऱ्या समासात बारीक अक्षरात लिहिलं: आई ६८, टीएसएच करणे.